मंगल भोजन आणि त्याचा जमाखर्च

संशयी : चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघरी जे सहभोजन होते त्यात मासा असलाच पाहिजे, तो डोक्याशेपटीसह अखंड मांडला गेला पाहिजे, आणि एवढे करून तो त्या रात्री न संपवता त्यातला काही भाग दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला पाहिजे, असा जो दंडक आहे त्याचे कारण विचारले, तर ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोहोंचा त्या भाषेत ‘यू’ असा एकच उच्चार आहे, याखेरीज दुसरे कारण सापडत नाही. चिकट तांदळाच्या पिठाची ‘न्येनगाव’ नावाची वडी खायची, कारण तिच्या नावात ‘वर्षागणिक उंची वाढो’ असा ध्वनी निघतो. कँटनकडच्या लोकांनी संत्री भेट द्यायची, कारण त्यांच्या बोलीत त्या फळाचे नाव सोन्यासारखे ऐकू येते. आणि चार या आकड्याला दूर ठेवायचे, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या उच्चाराजवळ जातो. ज्या लोकांनी जगाला कागद दिला, होकायंत्र दिले, आणि लेखी परीक्षा घेऊन सरकारी अंमलदार नेमण्याची पद्धत हजाराहून अधिक वर्षे चालवली, त्यांच्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस अशा श्लेषांवर उभा असावा, हे मला खेदकारक वाटते. शब्दाचा नाद आणि वस्तूचा गुण यांच्यात कार्यकारणभाव नाही, हे विवेकाचे पहिले सूत्र. आणि ज्या ताटावर घरातले मूल आपल्या आजोबांच्या शेजारी बसून वर्षातले सर्वांत रुचकर अन्न खाते, त्याच ताटावर त्याला या सूत्राच्या नेमके विरुद्ध शिक्षण मिळते.

रसिक : मासा राखून ठेवला म्हणजे कोठीतले धान्य आपोआप वाढेल असे समजून स्वस्थ बसणारा जो मनुष्य तुमच्या डोळ्यांपुढे आहे, तो चीनच्या कोणत्याही काळात मला आढळत नाही. अर्ध्या माशाकडे पाहून ‘शिल्लक राहो’ म्हणणारा शेतकरी सण सरताच पुन्हा बांधावर उभा असतो आणि वर्षभर एकेका दाण्याचा हिशेब ठेवतो. शिल्लक कशाने पडते हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. तुमचा आक्षेप खरा असता, तर ज्यांना मासा मिळत नाही त्यांनी तो दंडक सोडून दिला असता किंवा त्याच्या अभावी ते हवालदिल झाले असते. परंतु समुद्रापासून आणि मोठ्या नद्यांपासून दूर असलेल्या वायव्येकडच्या काही रूक्ष, दरिद्री भागांत रिवाज असा होता की, लाकडाचा मासा कोरून घ्यावा, तो दरवर्षी थाळीत मांडावा, त्याच्यावर ऊनऊन रस्सा ओतावा, सर्वांनी त्या रश्शाला काड्या लावाव्यात, आणि सण झाल्यावर मासा धुऊन पुसून पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यावा. लाकूड हे लाकूड आहे, हे त्या थाळीभोवती बसलेल्या लहानात लहान मुलालाही कळत होते. ज्याला कार्यकारणभावाची भ्रांती म्हणावे असे तिथे काहीच नव्हते. होती ती एक इच्छा, आणि ती सर्वांनी मिळून एकदा उच्चारावी एवढीच निकड.

उत्तरेकडे ज्याओत्झ करतात, त्यांची रीत जरा निरखून पाहा. मळलेली कणीक झाकून मुरू देतात. तिच्या लहान लहान गोळ्यांच्या पाऱ्या लाटतात, त्या मध्यभागी जाड आणि कडेला पातळ, कारण मधल्या भागाला सारणाचे वजन पेलायचे असते आणि कडेला दुहेरी दुमडायचे असते. डुकराचे मांस आणि पिळून कोरडी केलेली कोबी भरून पारी मिटतात आणि बोटांच्या चिमटीने तिला चुण्या घालतात. तो आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा असतो. एखाद्या ज्याओत्झमध्ये पूर्वी नाणे घालीत, आता बहुधा शेंगदाणा किंवा खडीसाखर घालतात. आता, उकळत्या पाण्यात टाकल्यावर त्यातले एखादे फुटले, तर ‘फुटले’ असे त्या रात्री कोणी म्हणत नाही. ज्या शब्दातून ‘कमाई झाली’ असाही अर्थ निघतो, तो शब्द योजतात. हे ऐकून मराठी माणसाने अचंबा का करावा? आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढते. उंबरठ्यावरून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. असे म्हटल्याने बांगडी सांधली जाते, असे आपल्यापैकी कोणाला वाटते?

संशयी : सांधली जाते असे वाटत नाही, परंतु उलट बोलले तर काही अनिष्ट घडेल अशी धास्ती वाटते, आणि माझे म्हणणे त्या धास्तीविषयी आहे. नववर्षाच्या पहिल्या दिवशी केरसुणी हातात घ्यायची नाही, घेतल्यास घरात आलेले भाग्य झाडून बाहेर जाईल; कात्री उचलायची नाही; मुलांना रडू द्यायचे नाही; मरणाचा, आजाराचा, दारिद्र्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही; आणि एखाद्या पोराच्या हातून बशी पडून फुटली, तर घाईघाईने ‘वर्षानुवर्षे शांती’ असे म्हणायचे, कारण ‘तुकडे’ आणि ‘वर्ष’ यांच्या उच्चारात साम्य आहे. मंगलाच्या इतक्या पहाऱ्यात जो दिवस काढावा लागतो, त्यात आनंद किती आणि भय किती, याची विभागणी तुम्हीच करून पाहा.

शिवाय त्या रात्रीचे आणखी एक रूप आहे, आणि तुमच्या ज्याओत्झच्या वाफेत ते दिसेनासे होते. जुन्या चीनमध्ये वर्षअखेर ही देणी चुकवण्याची मुदत होती. गरिबांच्या तोंडी त्या दिवसांना ‘वर्षाचे नाके’ असेच नाव होते: नाक्यावर जकात भरल्यावाचून जसे पुढे जाता येत नाही, तसे कर्ज फेडल्यावाचून नव्या वर्षात शिरता येत नाही. सावकारांचे कारकून कंदील घेऊन रात्री दारोदार हिंडत, आणि ऋणको घर सोडून कुठेतरी दडून बसत, कारण नववर्षाची पहाट उजाडली की वसुलीला काही दिवस रिवाजानेच मनाई होई. १९४५ साली कम्युनिस्टांच्या येनानमध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ या संगीत नाटकाचा आरंभ याच रात्री होतो. कर्जापायी आठवडाभर लपून राहिलेला बाप ज्याओत्झपुरते पीठ आणि मुलीच्या केसांसाठी लाल फीत घेऊन चोरपावलांनी घरी येतो. जमीनदार त्याला वाड्यावर बोलावून घेऊन त्याच्याकडून मुलीच्या विक्रीचा कागद करून घेतो. आणि तो अभागी माणूस विष पिऊन मरतो. श्रीमंताच्या ताटातली शिल्लक कुठून आली, हा प्रश्न माशाच्या श्लेषामुळे झाकला जातो, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

रसिक : नाटकाची साक्ष तुम्ही काढलीत, तर तिची उलटतपासणी करण्याची मुभा मला द्या. जमीनदाराच्या क्रौर्याची चीड प्रेक्षकांच्या मनात उत्पन्न व्हावी म्हणून नाटककारांनी त्या बापाच्या हाती काय दिले? पीठ आणि फीत. ज्याच्याजवळ काहीही उरलेले नाही, तोही या एका रात्री मुलीसमवेत ज्याओत्झ करून खाण्याचा हक्क सोडीत नाही, हे प्रत्येक प्रेक्षकाला आपल्या घरावरून ठाऊक होते, म्हणूनच तो हक्क हिरावून घेणाऱ्याविषयी त्याचे रक्त उसळले. क्रांतिकारक नाटकालाही जुन्या सणाची भाषा उसनी घ्यावी लागली. आणि वसुलीला मनाई करणारा तो रिवाज तुम्ही जाता जाता सांगून मोकळे झालात. परंतु गरिबाला ज्या दिवशी कोणताही कायदा संरक्षण देत नव्हता त्या दिवशी त्याला संरक्षण देणारी जी एकच गोष्ट होती, ती हा मंगलाचा पहाराच नव्हे का? सावकारालाही अपशकुनाची धास्ती होती, हे ऋणकोचे भाग्य.

राज्यकर्त्यांनी या सणाशी कसा व्यवहार केला, तेही पाहण्यासारखे आहे. १९१२ च्या १ जानेवारीस प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा नवे सौर पंचांग अंमलात आले आणि जुने चांद्र नववर्ष सरकारदप्तरी नववर्ष राहिले नाही. दोन वर्षांनी युआन शिकाईच्या राजवटीत त्याला ‘वसंतोत्सव’ हे नाव मिळाले. नानकिंगच्या राष्ट्रवादी सरकारने १९३० च्या सुमारास त्याहून कडक फर्मान काढले: जुन्या नववर्षाची सुटी बंद, आणि जे काही विधी करायचे ते नव्या वर्षारंभी, म्हणजे १ जानेवारीला, करावेत. लोकांनी तारीख मानली आणि सण हलवला नाही. चार-पाच वर्षांत तो अट्टाहास सरकारला गुंडाळावा लागला. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, १९६७ साली, वसंतोत्सवाची सुटी पुन्हा रद्द झाली आणि ‘क्रांतिकारक वसंतोत्सव’ कामावर राहून साजरा करण्याचा हुकूम सुटला. त्या वर्षांत चुलीच्या देवाची चित्रे जाळली गेली, आणि अंधश्रद्धेचे निर्मूलन करणाऱ्या त्याच कार्यकर्त्यांनी लोकांना पंक्तीने बसवून कोंड्याचे आणि रानभाजीचे ‘कडू स्मृतींचे जेवण’ खायला घातले, का, तर जुन्या समाजातले दुःख जिभेवर राहावे म्हणून. अन्नातून अर्थ सांगितला जातो, आणि तो एकत्र बसून खाल्ल्यानेच अंगी लागतो, ही गोष्ट त्यांनाही नाकारता आली नाही. त्यांनी फक्त गोडाच्या जागी कडू वाढले. १९८० च्या सुमारास सुटी परत आली, आणि घराघरांत ज्याओत्झ असे वळले जाऊ लागले, जणू मध्ये काही झालेच नव्हते.

संशयी : एखादी रूढी फर्मानाने मरत नाही, यावरून ती चिवट आहे एवढे सिद्ध होते, ती इष्ट आहे असे सिद्ध होत नाही. मुलींचे पाय बांधण्याची चालही चिवट होती. परंतु तुमच्या लाकडी माशाने माझे एक म्हणणे ढिले पडले, हे मी मान्य करतो. जिथे इच्छा लाकडावर भागते तिथे भ्रांतीचा आरोप टिकत नाही. म्हणून मी तो मागे घेतो आणि दुसरा मांडतो.

कँटनकडच्या आणि हाँगकाँगच्या घरांत नववर्षाच्या जेवणात एक पदार्थ मानाचा असतो: सुकवलेल्या कालवांबरोबर शिजवलेले ‘फात-चोय’. हे फात-चोय म्हणजे काळ्या केसांच्या गुंतवळासारखे दिसणारे एक शेवाळसदृश सूक्ष्मजीवी द्रव्य. त्याला स्वतःची चव जवळजवळ नाही, त्यातून पोषण म्हणावे असे फारसे मिळत नाही. त्याचा मान एवढ्यासाठी की, त्याचे नाव आणि ‘धनप्राप्ती होवो’ हे नववर्षाचे अभीष्टचिंतन यांचा उच्चार जवळजवळ एक आहे. आता ही वस्तू उगवते कुठे, तर कँटनपासून शेकडो कोस दूर, अंतर्मंगोलिया, निंग्श्या, कान्सू अशा प्रदेशांतल्या अर्धओसाड माळरानावर, जमिनीच्या पृष्ठभागाला चिकटून. आणि ती वाढते अत्यंत मंद गतीने. तिला गोळा करणारे शेतकरी स्वतःच इतके गरीब की, हंगामात टोळ्या करून निघत, लोखंडी दातांची दाताळी माळावर ओढीत, आणि त्या दात्यांत फात-चोयबरोबर विरळ गवताची मुळेही उपटून येत. माती मोकळी झाली की वारा तिला उचलून नेतो. माळाचे वाळवंट होते. मेंढपाळांचे कुरण जाते. आणि गोळा करणारे व मेंढपाळ यांच्यात तंटे माजतात. शेवटी २००० साली चीनच्या राज्य परिषदेने फात-चोय गोळा करण्यास आणि विकण्यास देशभर मनाई केली.

आता या व्यवहारात भ्रांती कोणालाच नव्हती, हे मी मान्य करतो. हाँगकाँगचा व्यापारी ते खाऊन धनवान होईन असे मानीत नसेल. त्याला केवळ शुभ बोलायचे होते. तरीही त्याच्या त्या शुभ शब्दापायी एक कुरण उडून गेले. तुम्ही म्हणता की इच्छा निरुपद्रवी आहे, कारण ती केवळ इच्छा आहे. मी म्हणतो, इच्छेला जेव्हा वस्तू लागते तेव्हा ती वस्तू कोणाच्या तरी दारातून उचलून आणावी लागते, आणि तिचा जमाखर्च मंगलाच्या पोथीत लिहिलेला नसतो. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने वसंतोत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. वारसा अमूर्त असेल. दाताळी मूर्त होती.

रसिक : या आक्षेपापुढे मी नम्र आहे, आणि त्याला जे उत्तर देईन ते बचाव म्हणून देणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे रिवाजात बिघाड केव्हा होतो, तर इच्छेची खरी किंमत वस्तूच्या किमतीने मोजली जाऊ लागते तेव्हा. ज्या गावाने लाकडी मासा कोरला त्याने वस्तूला दुय्यम ठरवून इच्छेला प्रमुख मानले. ज्या पेढीने शेरभर फात-चोय मागवले तिने पाहुण्याला आपले वैभव दाखवण्यासाठी इच्छेचा उपयोग केला. दोघांचे श्लेष सारखेच, पण वृत्ती निरनिराळी. आणि रूढी ही दगडावर कोरलेली नसल्याने ही वृत्ती बदलता येते. सिंगापूर-मलायातले चिनी लोक आज नववर्षाच्या सातव्या दिवशी, जो मनुष्यमात्राचा जन्मदिवस मानला जातो, ‘यूशंग’ खातात: कच्च्या माशाचे पातळ काप, गाजर-मुळ्याचा कीस, तीळ, आलुबुखाराची चटणी आणि कुरकुरीत पीठकाड्या असे सगळे एका थाळीत, आणि भोवतीच्या सर्वांनी काड्यांनी ते उंच उंच उडवीत शुभ शब्द मोठ्याने बोलायचे. कच्चा मासा खाण्याची चाल दक्षिण चीनमध्ये जुनी आहे. परंतु हे आजचे रूप १९६० च्या दशकात सिंगापुरातल्या उपाहारगृहांच्या चार आचाऱ्यांनी रूढ केले, असे सांगतात, आणि मलेशियातले सेरेंबान शहरही त्या श्रेयावर हक्क सांगते. इतका अलीकडचा रिवाज दोन पिढ्यांत पुरातन वाटू लागला. जे इतके सहज जोडता येते, ते तितकेच सहज गाळताही येते. फात-चोयवर बंदी आल्यावर बाजारात स्टार्चपासून केलेले नकली फात-चोय खपू लागले, ते खाणाऱ्यांच्या मंगलात मला काही उणे दिसत नाही. माझ्या मते लाकडी मासाच पुन्हा अवतरला.

संशयी : नाही; इथे तुम्ही घसरलात. लाकडी मासा लाकडाचा आहे हे ताटावरच्या प्रत्येकाला माहीत होते. स्टार्चचे फात-चोय कित्येकदा खऱ्याच्या नावाने आणि खऱ्याच्या भावाने विकले जाते, आणि घेणारा ते खरे समजून घेतो. पहिल्यात दारिद्र्याची कबुली आहे, दुसऱ्यात बाजाराची लबाडी आहे. ज्या दिवशी गृहिणी उघडपणे म्हणेल की ‘ही स्टार्चची काडी आहे, कारण खरी आणली तर माळ उजाड होतो’, त्या दिवशी मी तुमच्या बाजूला येईन.

रसिक : ही दुरुस्ती मी कृतज्ञतेने स्वीकारतो. माझ्या विधानापेक्षा ती अधिक नेमकी आहे: मंगल निरुपद्रवी राहते ते वस्तू खोटी असल्यामुळे नव्हे, तर तिचे खोटेपण सर्वांना विदित असल्यामुळे.

संशयी : तरी ही कसोटी अन्नापुरतीच चालेल, माणसांना लावली तर ती तुटते. चिनी लेखक लू शून याने १९२४ साली लिहिलेली ‘नववर्षाचा नैवेद्य’ ही कथा पाहा. श्यांगलिनची बायको, दोनदा विधवा झालेली, एका प्रतिष्ठित घरात मोलकरीण आहे. वर्षभर ती राबते, तेव्हा तिच्या हाताला विटाळ नाही. परंतु वर्षअखेरीचा पूर्वजांचा नैवेद्य मांडायची वेळ येते तेव्हा तिने पेले आणि काड्या यांना हात लावायचा नाही, कारण तिच्या स्पर्शाने नैवेद्य अशुद्ध होईल आणि पूर्वज तो घेणार नाहीत. पापक्षालनासाठी ती आपल्या वर्षभराच्या पगारातून देवळाला उंबरठा देते आणि या आशेने परत येते की आता तरी आपल्याला मांडामांड करू देतील. मालकीण तिला तरीही थांबवते. त्या क्षणापासून ती आतून संपते, आणि पुढे एका वर्षअखेरीस, सारा गाव सुखसमृद्धीची याचना करीत असता, ती भीक मागत मरते.

आता सांगा, या घरात तुमच्या लाकडी माशाची तत्त्वे कुठे लागू होतात? तिच्या अपशकुनीपणाला कोणी ‘हा केवळ संकेत आहे’ असे म्हणत होते काय? शुभ म्हणून काही वेगळे काढले की अशुभ म्हणूनही काही वेगळे काढावे लागते, आणि लाकडाचा मासा जितक्या सहजी कोरता येतो तितक्या सहजी लाकडाची विधवा कोरता येत नाही. तिथे जिवंत बाईच लागते.

रसिक : या कथेचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ आहे त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. मी एवढेच म्हणेन की, लू शूनने त्या घरावर जो अभियोग लावला तो मंगलाच्याच नावाने लावला: मंगल सर्वांसाठी असायला हवे होते, आणि एका स्त्रीला त्यातून वगळले, म्हणून ते घर दोषी. ज्याला मंगल ही कल्पनाच निरर्थक वाटते, त्याला त्या कथेतला अन्याय इतका असह्य वाटणार नाही.

आणि आजची स्थिती पाहा. सणापूर्वीच्या आणि नंतरच्या मिळून चाळीस दिवसांत चीनमध्ये घरी जाण्या-येण्याच्या ज्या फेऱ्या मोजल्या जातात, त्यांची संख्या २०१९ साली जवळपास तीनशे कोटींवर गेली. किनाऱ्यावरच्या कारखान्यांत काम करणारे मजूर, ज्यांची मुले आतल्या गावांत आजीआजोबांजवळ वाढतात, ते आगगाडीत उभे राहून, गाठोडी सांभाळीत, एका जेवणासाठी दीड-दोन हजार किलोमीटर जातात. त्यांतल्या कित्येक मुलांना आईबाप वर्षातून तेवढेच दिवस दिसतात. मासा आणि शिल्लक यांचा श्लेष नसता, तर हे लोक घरी गेले नसते, असे मी म्हणत नाही. परंतु जाण्याला एक निश्चित रात्र, एक निश्चित ताट आणि त्या ताटावर बोलायचे ठरलेले शब्द असल्यावाचून कारखान्याच्या मालकाकडे रजा मागण्याचे बळ तरी कुठून येते? आपल्याकडचेच उदाहरण घ्या: १९१९ साली बांधलेल्या माझगावच्या चिनी देवळात मुंबईतली थोडी चिनी घरे नववर्षाला आजही जमतात. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर जे भोगावे लागले, त्यामुळे या देशातले हजारो चिनी परदेशी निघून गेले. जे उरले त्यांना एकत्र आणणारा बंदोबस्त दुसरा कोणी केलेला नाही.

संशयी : ताट त्यांना घरी आणते, हे खरे, पण ‘घर’ म्हणजे कोणाचे घर, हेही त्याच ताटाने ठरवलेले आहे. रिवाजाप्रमाणे विवाहित स्त्रीने आदल्या रात्रीचे सहभोजन नवऱ्याच्या घरी करायचे, बहुधा स्वतः चुलीपाशी उभे राहून, आणि माहेरी जायचे ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ती माहेरी गेली तर माहेरचे भाग्य उणे होते, अशी अनेक ठिकाणी समजूत. मुली पुष्कळ आणि मुलगे पुष्कळ होते तोवर हे कसेबसे निभावले. परंतु १९८० पासून २०१५ पर्यंत सरकारी धोरणाने शहरांतल्या घरांत एकेकच अपत्य जन्मले. त्या पिढीतल्या मुलामुलींची लग्ने झाली, आणि दोन्हीकडे एकुलते एक असलेल्या दांपत्यांना दर वर्षअखेरीस प्रश्न पडू लागला की ताट कोणाकडे. काही जण आलटून पालटून जातात, काही दोन्ही व्याह्यांना एका खानावळीत बोलावतात, आणि पुष्कळांच्या घरी याच गोष्टीवरून सणापूर्वी भांडण होते.

रसिक : आणि जे आलटून पालटून जातात त्यांनी रिवाज मोडला असे तुम्ही म्हणाल, की बदलला असे म्हणाल?

संशयी : ते ठरवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. आज तरी स्थिती अशी आहे की, दोन घरांपैकी एका घरी दोन वृद्ध माणसे अपत्यावाचून जेवतात, आणि ते घर बहुतेक वेळा मुलीच्या आईबापांचे असते.